इजेक्शन सीट: हँडल ओढल्यावर नेमकं काय काय होतं

फायटर विमान वेगात असताना नुसती उडी मारून बाहेर पडता येत नाही, हवेचा मारा एवढा असतो की माणूस कॉकपिटमधून नीट उठूही शकत नाही आणि निघालाच तर मागची शेपटी आदळायची भीती, म्हणून पायलटला सीटसकटच बाहेर उडवतात.

सुरुवात जमिनीवरच होते. सीटच्या सेफ्टी पिना काढल्या का ते बघायचं, खांद्याचे पट्टे घट्ट करायचे आणि पायाचे पट्टे अजिबात विसरायचे नाहीत, कारण बाहेर पडताना तेच पाय मागे खेचून धरतात, नाहीतर वाऱ्याने पाय फाकून हाड मोडायचं.

वेळ आलीच तर पाठ ताठ, डोकं मागे टेकलेलं, कोपरं अंगालगत, आणि मग मांड्यांमधलं पिवळं-काळं हँडल जोरात वर ओढायचं. बस, पायलटचं काम इथेच संपलं. पट्टे आपोआप आवळून खांदे मागे ओढले जातात, कॅनॉपी म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण उडून जाते किंवा तिच्यात बसवलेल्या स्फोटक दोरीने काच फुटते, सीटमागची गन, म्हणजे स्फोटाच्या वायूने चालणारी नळी, सीटला रेलवरून वर ढकलते आणि बाहेर पडता पडता रॉकेट पेटतं. मॉडर्न सीटमध्ये हँडल ओढल्यापासून मोठं पॅराशूट उघडेपर्यंत दोन-तीन सेकंद लागतात, तेही खाली असाल तर. झटका साधारण १२ ते १४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट) चा असतो, म्हणजे वजन तेवढ्या पट, आणि मान वाकलेली असेल तर मणक्याची वाट लागते. म्हणून ताठ बसा म्हणून एवढं घोकून घेतात.

फार उंचावर मात्र मोठं पॅराशूट लगेच उघडत नाही आणि उघडूही नये, तिथे थंडी मरणाची आणि श्वासापुरता ऑक्सिजन नाही. आधी छोटं ड्रोग पॅराशूट सीटला स्थिर करतं, सीटवरच्या बाटलीतून ऑक्सिजन मिळतो, बऱ्यापैकी खाली आल्यावर सीट सुटून पडते आणि मग मोठं पॅराशूट. डबल सीटर असेल तर मागचा आधी जातो, नाहीतर पुढच्याच्या रॉकेटची आग त्याच्या तोंडावर.

झीरो-झीरो सीट म्हणजे शून्य उंची आणि शून्य वेगाला, जमिनीवर थांबलेल्या विमानातूनही वाचवणारी. पण त्यावर विसंबून थांबायचं नाही, विमान नाक खाली करून पडत असेल किंवा उलटं असेल तर बरीच उंची लागते, आणि माझ्या मते खरा घात इथेच होतो, पायलट विमान वाचवत बसतो. १९८९ च्या पॅरिस एअर शोमध्ये सोव्हिएत टेस्ट पायलट अनातोली क्वोचुर मिग-२९ मधून अगदी शेवटच्या क्षणी निघाले आणि वाचले, पण दरवेळी तसं जमेलच असं नाही.

उतरताना पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, जमीन लागली की लोळायचं. पाण्यात पडलात तर पॅराशूट लगेच सोडायचं आणि दोरीला लटकणारी रबरी होडी जवळ ओढायची. पाठ दुखत नसली तरी मणक्याची तपासणी झाल्याशिवाय परत उडायचं नाही.