एक्स्टेंशन काढले, तरी ते चालूच का राहते? एडिटरमध्ये पॅकेज लोड-अनलोड करताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशीन शॉपसाठी मी इमॅक्स या टेक्स्ट एडिटरचे एक छोटे पॅकेज, म्हणजे वरून जोडायचे एक्स्टेंशन, लिहिले होते. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथचा प्रोग्राम सेव्ह करताना त्यातील ओळींना एन १०, एन २०, एन ३० असे नव्याने क्रमांक द्यायचे, एवढेच त्याचे काम होते. ते फारच सोपे वाटल्यामुळे मी एक गोष्ट विसरलो. फानुक पद्धतीच्या कंट्रोलरवर जी ७१ या रफिंग सायकलमधील (जाड कटाई करून घेणाऱ्या आज्ञेतील) पी आणि क्यू हे आकडे प्रोफाइलच्या, म्हणजे तयार आकाराच्या, पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा क्रमांक सांगतात. माझे पॅकेज ओळींचे क्रमांक बदलत होते, पण पी आणि क्यू तसेच ठेवत होते. चूक कळताच आम्ही पॅकेज काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्रोग्राम पुन्हा तसाच बिघडलेला निघाला. तो ड्राय रनमध्येच, म्हणजे धातू न कापता घेतलेल्या चाचणीतच, पकडला गेला, म्हणून जॉब आणि टूल दोन्ही वाचले.

पॅकेज काढले होते हे खरे, पण ते एडिटरमधून गेले नव्हते. टरेटवरून (लेथवरील टूल धरणाऱ्या भागावरून) टूल उतरवले तरी त्याचा ऑफसेट (मापाची नोंद) कंट्रोलरच्या पानावर तसाच राहतो आणि त्याच क्रमांकावर दुसरे टूल बसवणाऱ्याला तो महागात पडतो, हे सातपूर-अंबडच्या कोणत्याही ऑपरेटरला सांगावे लागत नाही. एडिटरच्या बाबतीत मात्र हाच विचार आपल्या मनात येत नाही.

डिस्कवरून पुसणे म्हणजे अनलोड करणे नव्हे

इमॅक्समध्ये २०१२ साली आलेल्या २४ व्या आवृत्तीपासून पॅकेज व्यवस्थापक अंगभूत आहे. त्यातील ‘पॅकेज-डिलीट’ ही आज्ञा पॅकेजचे डिस्कवरील फोल्डर पुसते. चालू एडिटरच्या मेमरीत आधीच आलेली फंक्शने, हूक (ठरावीक क्षणी आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या याद्या) आणि टायमर यांना ती हात लावत नाही. एडिटर रोज बंद होत असेल तर हा फरक जाणवत नाही. पण त्या शॉपमधील संगणकावर इमॅक्स डेमन म्हणून चालत असे, म्हणजे खिडकी बंद केली तरी मूळ प्रक्रिया मागे जिवंत राहत असे आणि आठवडेच्या आठवडे तीच चालू असे. त्यामुळे फाइल पुसूनही क्रमांक बदलणारे फंक्शन ‘बिफोर-सेव्ह-हूक’मध्ये, म्हणजे सेव्हच्या आधी चालणाऱ्या यादीत, बसून होते.

याची उलट बाजूही तितकीच त्रासदायक आहे. पॅकेज पुसले आणि एडिटर पुन्हा सुरू केला, पण सुरुवातीच्या इनिट फाइलमधील ‘ॲड-हूक’ची ओळ काढायची राहून गेली, तर हूकमध्ये अशा फंक्शनचे नाव राहते जे आता कुठेच अस्तित्वात नाही. प्रत्येक सेव्हच्या वेळी फंक्शनची व्याख्या ‘व्हॉइड’ (रिकामी) असल्याची त्रुटी खालच्या ओळीत उमटते; सध्याच्या आवृत्त्यांत फाइल सेव्ह होते, पण त्रुटी येतच राहते. अशा वेळी अनेक जण डिस्क किंवा परवानग्या तपासत बसतात. आधी हूकमध्ये काय आहे ते पाहावे; त्यासाठी ‘डिस्क्राइब-व्हेरिएबल’ ही आज्ञा पुरेशी आहे.

‘अनलोड-फीचर’वर किती विसंबावे?

चालू एडिटरमधून पॅकेज उतरवण्यासाठी इमॅक्समध्ये ‘अनलोड-फीचर’ ही आज्ञा आहे आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच शहाणी आहे. पॅकेजने व्याख्या केलेली फंक्शने, मॅक्रो आणि व्हेरिएबल ती काढते, आधीचे ऑटोलोड (गरज पडताच फाइल लोड करणाऱ्या नोंदी) पूर्ववत करते, आणि ज्यांच्या नावाचा शेवट ‘हूक’ने होतो अशा व्हेरिएबलमधून, तसेच एका ठरावीक यादीतील इतर हूकमधून, त्या पॅकेजची फंक्शने वगळते. दुसरे लोड झालेले पॅकेज या पॅकेजवर अवलंबून असेल तर ती नकार देते. हा नकार प्रीफिक्स (आज्ञेआधी दाबायची कळ) देऊन मोडता येतो, पण तसे करू नये. तो नकार म्हणजे अडथळा नसून माहिती आहे, आणि आधी कोणते पॅकेज उतरवायला हवे ते त्यातूनच कळते.

मात्र तिला न दिसणाऱ्या जागाही आहेत. हूकमध्ये नाव नसलेले लॅम्डा फंक्शन टाकले असेल, तर ते कोणत्या पॅकेजचे हे ओळखण्याची सोय नसते आणि ते मागे राहते. ‘रन-विथ-आयडल-टायमर’ने लावलेला टायमर चालूच राहतो, आणि त्याचे फंक्शन नाहीसे झालेले असल्याने एडिटर शांत असतानाही अधूनमधून त्रुटी दाखवत राहतो. इतरांच्या फंक्शनवर ‘ॲडव्हाइस-ॲड’ने चढवलेला ॲडव्हाइस (त्या फंक्शनला जोडलेला आपला कोड), बदललेले की-बाइंडिंग (कळींना जोडलेल्या आज्ञा) आणि एकेका बफरपुरते (उघडलेल्या मजकुरापुरते) लावलेले स्थानिक हूक यांची आवराआवर पॅकेजच्या लेखकानेच करायची असते. त्यासाठी पॅकेजच्या नावापुढे ‘-अनलोड-फंक्शन’ जोडून एक फंक्शन लिहिता येते. ते आधी चालते, आणि त्याने निल (‘काही नाही’ असे मूल्य) परत दिले तरच ‘अनलोड-फीचर’ आपले नेहमीचे काम पुढे चालू ठेवते. येथे एक बारीक चूक हमखास होते: फंक्शनच्या शेवटच्या ओळीतून नकळत निल सोडून दुसरे काही परत जाते, त्यामुळे सर्व काम झाले असे इमॅक्स समजतो आणि व्याख्या जागच्या जागी राहतात. शेवटी स्पष्टपणे निल लिहावे.

पुन्हा लोड केले, पण बदल दिसत नाही

पॅकेजमध्ये दुरुस्ती करून ‘रिक्वायर’ (पॅकेज लोड करण्याची आज्ञा) पुन्हा चालवणे निरुपयोगी आहे, कारण ते फीचर, म्हणजे ते पॅकेज, आधीच लोड झाल्याची नोंद असेल तर ‘रिक्वायर’ काहीच करत नाही. ‘लोड’ने फाइल पुन्हा वाचली जाते, पण ‘डेफव्हार’ने ठेवलेल्या व्हेरिएबलला आधीच मूल्य असेल तर ते बदलत नाही, म्हणून फाइलमध्ये नवा आकडा दिसतो आणि एडिटर जुन्याच आकड्याने चालतो. त्या व्याख्येवर कर्सर ठेवून ‘इव्हल-डेफन’ चालवले की नवे मूल्य बसते. तिसरे कारण कंपाइल केलेल्या जुन्या फाइलचे आहे. मूळ फाइल अधिक नवी असली तरी इमॅक्स सहसा कंपाइल केलेली फाइलच उचलतो आणि तशी सूचना खालच्या ओळीत देऊन पुढे जातो. ती सूचना कोणी वाचत नाही, मीही वाचली नव्हती. ‘लोड-प्रिफर-न्यूअर’ चालू ठेवल्यास हा घोळ टळतो.

विम या दुसऱ्या एडिटरमध्ये पुन्हा लोड करण्याचा परिणाम उलटा होतो. व्हीआयएमआरसी ही सेटिंग्जची फाइल दर वेळी सोर्स केली (पुन्हा वाचली) की त्यातील ऑटोकमांड (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या आज्ञा) नव्याने जोडले जातात आणि एकच काम दोनदा, तीनदा होऊ लागते. ऑटोकमांड एका ऑगग्रुपमध्ये (ऑटोकमांडांच्या गटात) ठेवून सुरुवातीलाच उद्गारचिन्हासह ‘ऑटोकमांड’ लिहिले, की आधीचे पुसले जातात. लोड झालेले प्लगिन उतरवण्याची सर्वसाधारण आज्ञा विममध्ये नाही. एडिटर बंद करून उघडणे हाच सरळ मार्ग आहे.

लोड होणे आणि चालू होणे यांत अंतर ठेवा

बहुतेक गुंता येथूनच सुरू होतो. नुसती फाइल लोड झाल्याने एडिटरचे वागणे बदलू नये, चालू आणि बंद करण्यासाठी स्वतंत्र आज्ञा असावी, असा इमॅक्स लिस्पचा (इमॅक्सची पॅकेजे जिच्यात लिहितात त्या भाषेचा) प्रघात आहे. मायनर मोड (चालू-बंद करता येणारी सुविधा) याच कामासाठी आहे: चालू करताना जे जे जोडले, ते ते बंद करताना उलट क्रमाने काढावे, हूकमध्ये नेहमी नाव असलेले फंक्शन टाकावे, आणि टायमर एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा, म्हणजे ‘कॅन्सल-टायमर’ला तो सापडतो.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये हीच शिस्त ‘सबस्क्रिप्शन्स’ या यादीने पाळली जाते. ‘ॲक्टिव्हेट’ फंक्शनमध्ये नोंदवलेली प्रत्येक आज्ञा आणि प्रत्येक लिसनर (एखाद्या घटनेची वाट पाहणारे फंक्शन) त्या यादीत टाकला, तर एक्स्टेंशन बंद होताना त्यांची विल्हेवाट आपोआप लागते. एक्स्टेंशन काढले तरी सेटिंग्जच्या फाइलमधील त्याच्या ओळी मात्र राहतात आणि फिकट दिसतात. त्या हाताने पुसाव्यात.

दोषी कोण हे शोधताना

आधी एडिटर कोऱ्या अवस्थेत उघडून पाहावा: इमॅक्सला ‘-क्यू’ (मोठ्या लिपीतील), विमला ‘--क्लीन’. तेथे अडचण नसेल तर ती आपल्याच मांडणीत आहे. मग एकेक पॅकेज बंद करत बसण्याऐवजी निम्मी बंद करून पाहावीत आणि उरलेल्या संशयितांचे पुन्हा दोन भाग करावेत. ४० एक्स्टेंशनांतून दोषी एक सापडायला जास्तीत जास्त ६ फेऱ्या लागतात. व्हीएस कोडमध्ये ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ ही आज्ञा हेच काम करते. प्रत्येक फेरीला एडिटरची प्रक्रिया खरोखर बंद झाली आहे ना, हे पाहायला विसरू नये. डेमन चालू असेल तर सर्व फेऱ्या फुकट जातात.

त्या शॉपमधील पॅकेज मी नंतर मायनर मोड म्हणून नव्याने लिहिले. ते आता सेव्हच्या वेळी आपणहून काहीच करत नाही. क्रमांक बदलायचे असतील तर ऑपरेटरने स्वतः आज्ञा द्यावी लागते, आणि प्रोग्राममध्ये जी ७१ दिसली की ते क्रमांकांना हात न लावता थांबते.