जर्मनीच्या छुप्या शस्त्रसज्जतेवर लिहिताय? या चुका टाळा

पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्यावर १ लाख माणसांची मर्यादा घातली होती, रणगाडे आणि लष्करी विमानंही बंद, म्हणून ही तयारी छुपी. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "हिटलर आला आणि जर्मनीने गुपचूप सैन्य वाढवायला घेतलं" असं एका वाक्यात उरकून टाकणं. हिटलर चॅन्सेलर झाला जानेवारी १९३३ मध्ये, आणि रशियातल्या लिपेट्स्कला जर्मन वैमानिकांचं ट्रेनिंग सुरू झालं १९२५ मध्ये, म्हणजे तेव्हा बर्लिनमध्ये निवडून आलेलं वायमार सरकार (हिटलरच्या आधीचं लोकशाही सरकार) होतं. १९३३ ला तर ते स्कूल उलट बंद झालं! म्हणून घटना लिहायच्या आधी तिचं वर्ष बघा, निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. सैन्याच्या नावाचंही तेच, १९३५ पर्यंत राइशवेअर आणि त्यानंतर वेअरमाख्ट, १९२६ च्या घटनेत वेअरमाख्ट घुसवू नका.

दुसरं, १ लाखाचा आकडा बघून लोक लिहितात की सैन्य नावापुरतंच उरलं होतं. व्हर्सायच्या तहात अट होती की शिपायाने १२ वर्षं आणि ऑफिसरने २५ वर्षं नोकरी करायची, म्हणजे भराभर माणसं ट्रेन करून घरी पाठवायची आणि राखीव फौज उभी करायची हा रस्ता बंद. पण लष्करप्रमुख हान्स फॉन सीक्टने हीच अट फिरवली, माणूस एवढी वर्षं हातात आहे ना, मग त्याला त्याच्या वरच्या हुद्द्याचं काम शिकवा. जनरल स्टाफवर (युद्धाच्या योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गटावर) बंदी होती, तर तेच काम 'ट्रुपेनआम्ट' म्हणजे सैन्य कार्यालय अशा साध्या नावाखाली चालू राहिलं. रणगाड्यांवर बंदी, म्हणून सरावात मोटारगाडीवर लाकूड आणि कॅनव्हासचा सांगाडा चढवून ती रणगाडा म्हणून फिरवायचे, आणि खरे रणगाडे बनवले तेव्हा कागदावर त्यांचं नाव ट्रॅक्टर. पुढे पँझर १ हा रणगाडा सुद्धा सुरुवातीला शेतीचा ट्रॅक्टर म्हणूनच नोंदवला होता. मला वाटतं एवढं एक उदाहरण नीट दिलंत तरी वाचकाला सगळं कळतं.

आता याच्या उलटी चूक, "रशियानेच जर्मन फौज घडवली". लिपेट्स्कला तयार झालेले फायटर वैमानिक शे-सव्वाशे, कझानजवळच्या कामा रणगाडा स्कूलमधून तीसेक ऑफिसर. तिथे शिकणारे कमी होते, पण तेच पुढे शिकवणारे झाले, महत्त्व त्याचं आहे. मोठा आकार आला तो नंतरच, मार्च १९३५ मध्ये सक्तीची भरती जाहीर झाली आणि टार्गेट होतं ३६ डिव्हिजन, आणि पैशासाठी राइशबँकेचा प्रमुख शाख्त याची मेफो हुंडी, म्हणजे एका नावापुरत्या कंपनीच्या नावावर काढलेली उधारीची चिठ्ठी.

आणि प्लीज, "जगाला पत्ताच नव्हता" हे लिहू नका. डिसेंबर १९२६ मध्ये मँचेस्टर गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने जर्मन सैन्याचं रशियातलं प्रकरण छापलं, त्याच महिन्यात माजी चॅन्सेलर शाइडेमानने भर जर्मन संसदेत त्यावर भाषण केलं आणि सरकार पडलं. पत्रकार कार्ल फॉन ऑसिएट्स्कीबद्दल तर दोन ओळी लिहाच. १९२९ मध्ये त्यांच्या साप्ताहिकात छुप्या विमानदलाबद्दल लेख आला, त्यासाठी त्यांना देशद्रोही ठरवून १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे नाझींनी त्यांना छळछावणीत टाकलं, १९३५ चं शांततेचं नोबेल मिळालं तरी ते घ्यायला ऑस्लोला जाऊ दिलं नाही, १९३८ मध्ये ते वारले. पण ती १८ महिन्यांची शिक्षा नोव्हेंबर १९३१ ची आहे, वायमारच्या कोर्टाने दिलेली, नाझींनी नाही.