झाड लावायचा दिवस उलटा मोजून ठरवा

आपल्या भागात झाडाला सगळ्यात जड जाणारा काळ कोणता, ते आधी पक्के करा. कुठे तो कडक उन्हाळा असतो, कुठे जमीन गोठवणारी थंडी, तर कुठे आठवडेच्या आठवडे पाणी साचवून ठेवणारा पाऊस. त्या काळापासून मागे मोजत या. जमीन ओलसर आणि ऊबदार, हवा मात्र सौम्य, असे दिवस रोपाला जितके जास्त मिळतील तितकी लागवड साधते. महिन्याचे नाव विचारून हे कळत नाही, कारण दोन गावांत एकाच महिन्याची जमीन सारखी नसते. आणि पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात तर ऋतूच उलटे येतात.

हे दिवस मुळांना लागतात. पिशवीतून काढताना रोपाची पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे थोडीफार तुटतातच. जमिनीतून खणून काढलेल्या मोठ्या झाडाची तर बहुतेक मुळे जुन्या जागीच राहून जातात. पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी उडवत असतात. पहिले काही आठवडे रोप जगते ते स्वतःच्या हुंडीतल्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यातल्या, ओलीवर. बाजूची माती भिजलेली असली तरी मुळे तिथवर पोचलेली नसतात. लावल्यावर वाळून गेलेले एखादे रोप उपटून पाहा. पुष्कळदा मुळे अजून पिशवीच्याच आकारात गुंडाळलेली दिसतील. त्या रोपाला बाहेर पडायला वेळच मिळाला नव्हता.

पावसाच्या भरवशावर लागवड करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक होते ती पहिल्या सरीला. मातीचा वास सुटला की हात शिवशिवतात, हे मी समजू शकतो. पण पहिल्या सरीने वरचा थरच भिजतो. खालची कोरडी, तापलेली माती ती ओल ओढून घेते, आणि मग उघडीप पडली की रोप होरपळते. म्हणून कुदळीने साधारण ३० सेंटिमीटर खणा आणि तळाची माती मुठीत दाबा. गोळा वळला आणि बोटाने दाबल्यावर सहज फुटला, तर वापसा आहे, लावायला हरकत नाही. गोळा वळलाच नाही तर थांबा. फुटण्याऐवजी चिकटून लिबलिबला, तरीही थांबा. वापसा मिळाला की लागवड लांबवू नका, कारण पुढचा प्रत्येक ओला आठवडा मुळांच्या कामाचा असतो. दिवस ढगाळ निवडा, नाहीतर ऊन कलल्यावर लावा.

अतिपावसाच्या भागात, विशेषतः भारी चिकण जमिनीत, हिशेब वेगळा. तिथे खड्डा वाडग्यासारखा पाण्याने भरतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. अशा रोपाची पाने मलूल होऊन लोंबतात, तहान लागल्यासारखी; आणि माणूस मायेने आणखी पाणी घालतो. इथे पावसाचा जोर ओसरल्यावर लावणे बरे, किंवा मग उंच वरंब्यावर. पाण्याची खात्रीची सोय असेल, तर पाऊस सरतानाचे दिवस मला कोणत्याही जमिनीत आवडतात: माती अजून ऊबदार, ऊन मवाळ. मात्र पुढचा पूर्ण उन्हाळा पाणी देता येणार असेल तरच.

थंड प्रदेशात पानगळीच्या झाडांना पाने गळल्यापासून नवे डोळे फुगेपर्यंतचा काळ मानवतो. वर फांद्या झोपलेल्या दिसल्या तरी जमीन साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअसच्या खाली जाईपर्यंत मुळे थोडीथोडी वाढत राहतात. मातीशिवाय उघड्या मुळांची रोपे तर याच सुप्त काळात लावायची, आणि खड्ड्यात जाईपर्यंत मुळे ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायची. सदाहरित झाडांची पाने हिवाळ्यातही पाणी उडवतात आणि गोठलेली जमीन ते भरून देऊ शकत नाही. म्हणून ती पानगळीच्या सुरुवातीलाच लावावीत, नाहीतर थंडी सरेपर्यंत थांबावे. लिंबूवर्गीय झाडांसारख्या दवगोठ्याला न टिकणाऱ्या झाडांना शेवटचे दवगोठे होऊन गेल्यावरच बाहेर काढा. ताडवर्गीय झाडे ऊबदार जमिनीतच नवी मुळे धरतात; त्यांना थंडीच्या तोंडावर लावण्यात काही हशील नाही. हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा असलेल्या भागात शरदातला पहिला चांगला ओलावा पकडावा.

रोपाचाही एक हंगाम असतो. शेंड्याला कोवळी, लुसलुशीत पालवी असताना लावू नका. ती पाणी भराभर उडवते आणि आधी माना टाकते. पाने पक्व होऊन गडद होईपर्यंत वाट पाहा. पिशवीत गोल फिरलेली मुळे लावताना मोकळी करा किंवा कापा.

खड्डा लागवडीच्या बराच आधी खणून उन्हात तापू द्या. लावताना मुळे सुरू होतात तो खोडाचा पसरट भाग जमिनीच्या पातळीला यावा, कलमाचा जोड मातीच्या वर राहावा. खोल गाडलेले झाड चांगल्या हंगामातही वर्षानुवर्षे खुरटते. आळ्यात ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडून. सुरुवातीला पाणी थेट हुंडीवर द्या, नंतर मुळे पसरतील तसे आळे रुंद करत जा. रासायनिक खताची घाई नको. ते शोषायला पुरेशी मुळेच अजून नसतात.

हंगाम हुकला तर रोप तसेच कडक काळात ढकलू नका. एक माप मोठ्या पिशवीत हलवून अर्धसावलीत जपा, पाण्यात खंड पडू देऊ नका. पुढचा हंगाम जवळ आला की दोन आठवडे रोज थोडे थोडे जास्त ऊन दाखवा आणि मगच शेतात न्या.