स्लॅबच्या आधीचा रिकामा दिवस

बांधकामाच्या मोठ्या साइटवर किती तपासण्या होतात, ते आधी एकदा कागदावर मोजा. आमचे 3 टॉवर, प्रत्येकी 22 मजले, मजला दोन भागांत टाकायचा. म्हणजे नुसते स्लॅबच 132. फूटिंग (कॉलमखालचा पाया), कॉलम, वॉटरप्रूफिंग, फायर, लिफ्ट वेगळेच. ‘लक्षात राहील हो’ म्हणणारा इंजिनीअर दुसऱ्या महिन्यात उघडा पडतो. म्हणून साइट ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा. लॅपटॉपमध्ये नको, कारण स्लॅबवर उभं असताना लॅपटॉप कोणी उघडत नाही. कागदावर प्रत्येक तपासणीपुढे चार रकाने: कोण बघणार, कधी बघणार, कुठल्या ड्रॉइंगवर बघणार, आणि चुका निघाल्या तर दुरुस्त करून पुन्हा कधी दाखवणार.

हा चौथा रकाना मी ठेवला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी साडेचारला आरसीसी कन्सल्टंटचा (इमारतीच्या सळई-काँक्रीटचं डिझाइन करणाऱ्याचा) माणूस स्टील बघायला आला. स्लॅब रविवारी सकाळी सातला. पंप ठरलेला, आरएमसीची (प्लँटवरून गाडीने येणाऱ्या तयार काँक्रीटची) ऑर्डर गेलेली. त्याने बाल्कनीजवळ जाऊन पाय ठेवला आणि वरची सळई खाली गेली. वरची सळई उचलून धरणाऱ्या चेअर नव्हत्याच. दोन बीममध्ये लॅप (सळयांचे जोड) भलत्या जागी. एरवी तीन तासांचं काम, पण शनिवार म्हणजे खर्चीचा, आठवड्याचे पैसे वाटायचा दिवस. सळई बांधणाऱ्या फिटरची टोळी पैसे घेऊन बाजारात गेलेली. मुकादमाने फोन करकरून रात्री दहाला सहा जण गोळा केले, हॅलोजन लावून दोनपर्यंत काम उरकलं. आणि मग लक्षात आलं की हे पुन्हा बघणार कोण? कन्सल्टंटचा माणूस रविवारी नाशिकला. सकाळी प्लँटवरून तीन गाड्या सुटल्या, तेव्हा स्लॅबवर ‘टाकून देऊ’ म्हणणारे सात जण होते आणि ‘नको’ म्हणणारा मी एकटा. त्यात धाडस काही नव्हतं, पोर कार्डावर (काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर) सही करायला हात उचलेना एवढंच. एक गाडी मागच्या रस्त्याच्या पीसीसीत (सळईविना काँक्रीटच्या थरात) जिरवली, दोन परत पाठवल्या, पैसे तिन्हींचे भरले. स्लॅब मंगळवारी पडला.

तर तपासणी आणि कास्टिंग (काँक्रीट ओतणं) यांच्यामध्ये एक पूर्ण रिकामा दिवस ठेवा. अर्धा नाही, रात्र नाही, दिवस. आणि त्याच्या शेवटी फेरतपासणीची वेळ, पहिली तपासणी ठरवता त्याच फोनवर ठरवून घ्या, ‘गरज पडली तर कळवतो’ असं म्हणू नका. गरज पडतेच.

आता क्रमाने. खड्डा खोदून झाला की तळ कोणी बघायचा ते आधी ठरवा. पुण्यात मुरूम लागतो की पक्का पाषाण, यावर फूटिंगची खोली बदलू शकते आणि तो निर्णय तुमचा नाही, मिस्त्रीचा तर नाहीच. पावसाळ्यात तळ एकदा दाखवून झाला आणि रात्री पाणी भरलं, तर उपसून, गाळ काढून पुन्हा दाखवावा लागतो. म्हणजे इथेही रिकामा दिवस, जूननंतर दोन. पीसीसी, फूटिंगचं स्टील, कॉलमचे स्टार्टर (कॉलमची सुरुवात करणारे छोटे तुकडे) नेहमीसारखे.

काम जोत्यापर्यंत आलं की महापालिकेची जोते तपासणी. ही तुमच्या सोयीने होत नाही, म्हणून अर्ज आधीपासून तयार ठेवा आणि मंजूर नकाशाच्या प्रती साइटवर ठेवा. इथे मोजमापं मंजूर नकाशाशी ताडून बघतात. आपण हौसेने वाढवलेली भिंत इथेच सापडते. दाखला हातात येईपर्यंत वरच्या कॉलमला हात लावू नका. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, माणसं बसून आहेत.’ बसू देत.

खरा जीव स्लॅबमध्ये. आधी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघा. साइटवर तिसरी आवृत्ती आणि कन्सल्टंटकडे चौथी, असं असलं की तपासणीचं रूपांतर भांडणात होतं. मग क्रम असा ठरवा: शटरिंगची लेव्हल आणि प्रॉप (खालचे टेकू), बीमचं स्टील, स्लॅबची खालची जाळी, इलेक्ट्रिशियनचे कंड्यूट (वायरचे पाइप), प्लंबरच्या स्लीव्ह (नळ जायची भोकं), वरचं स्टील, आणि मग शेवटची तपासणी. शेवटची म्हणजे शेवटची. बहुतेक साइटवर स्टील चेक होतं आणि त्यानंतर इलेक्ट्रिशियन पाइप घेऊन वर चढतो. तो सळईवर चालतो, मध्ये आली तर वाकवतो, क्वचित बीमच्या सळयांभोवतीची रिंगही सोडतो. मग कन्सल्टंटने पाहिलेलं स्टील आणि काँक्रीटखाली जाणारं स्टील एकच राहत नाही. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर खाली उतरल्याशिवाय शेवटच्या तपासणीला कोणालाही बोलवू नका.

बाल्कनीचं वेगळं सांगतो, कारण माझं तिथेच चुकलं. साध्या स्लॅबमध्ये ताण मधोमध खालच्या बाजूला येतो, पण बाल्कनी एका बाजूने लटकलेली असते आणि तिथे ताण वरच्या बाजूला. म्हणून तिचं मुख्य स्टील वर असतं. ते पायाखाली दोन इंच दबलं तर बाल्कनी जवळपास रिकाम्या काँक्रीटवर उभी. वरून बघून ते कळत नाही, पाय ठेवूनच कळतं. चेअर मोजा, आणि त्या दिवशी तिथे फळ्या टाका, म्हणजे कास्टिंगची माणसं सळईवरून चालणार नाहीत.

तपासणीची वेळ सकाळची घ्या. संध्याकाळी पाचला आलेला माणूस जिन्याच्या कोपऱ्यात अंधारात काय बघणार? शनिवार तर टाळाच, खर्चीचं सांगितलंच. सणांची तारीख कागदावर लाल पेनने लिहा. गणपतीत फिटर मिळतात पण विसर्जनाला रस्ते बंद, दिवाळी-छठला टोळ्याच गावी. शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते आणि काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांत ओतायचं असतं, म्हणून कास्टिंगची वेळ ट्रॅफिक ठरवतं, तुम्ही नाही. तुमच्या हातात फक्त मधला रिकामा दिवस आहे. आमच्या मालकाने विचारलं होतं, ‘दर स्लॅबला एक दिवस म्हणजे 132 दिवस वाया?’ तसं नसतं. तीन टॉवर आळीपाळीने चालवले की एका टॉवरचा रिकामा दिवस हा दुसऱ्याचा कास्टिंगचा दिवस होतो. टोळी बसून राहत नाही. हे कागदावर काढून दाखवा, तोंडी पटत नाही.

कास्टिंगच्या दिवशी स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे ती चाचणी), क्यूब (ताकद मोजायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे), वायब्रेटरची जादा नीडल. क्यूबचे नमुने किती, ते काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये दिलेलं आहे: 50 घनमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने चार, पुढे दर 50 घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक वाढतो. 90 घनमीटरच्या स्लॅबला पाच नमुने, प्रत्येकी 3 क्यूब, म्हणजे 28 व्या दिवशी फोडायचे 15. सात दिवसांचे वेगळे. क्यूबवर तारीख आणि भाग लिहा आणि फोडायची तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या कागदावर चढवा. 28 वा दिवस सुट्टीचा निघाला तर लॅबला आधीच विचारून ठेवा.

प्रॉप काढणं हीसुद्धा तपासणीच आहे, हे कोणी मानत नाही. साध्या सिमेंटला साधारण नियम असा: आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे प्रॉप 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14, मोठ्यांचे 21. मिस्त्री तारीख विसरतो, कारण त्याला वरच्या मजल्यासाठी प्रॉप हवे असतात. काढायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. बाल्कनीचे प्रॉप मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढा, उलटे नाही. खाली हनीकोंब (काँक्रीट न भरलेली पोकळ जागा) दिसला तर प्लास्टरने झाकायच्या आत कन्सल्टंटला फोटो पाठवा.

ब्लॉकवर्क, प्लास्टर, खिडक्या: ओळंबा आणि गुण्या लावून बघा, पुढे. टॉयलेटच्या सनकनमध्ये (खाली उतरवलेल्या स्लॅबमध्ये) पाणी 48 तास भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. टाइल्सवाला दाराशी उभा असतानाच गळती सापडते, म्हणून त्याला दोन दिवस उशिरा बोलवा. तोच रिकामा दिवस.

लिफ्ट निरीक्षक, फायरचा अंतिम दाखला, भोगवट्याची पाहणी: तिन्ही एका आठवड्यात कोंबू नका. फायरला हायड्रंटचं (आग विझवायच्या नळाचं) प्रेशर गच्चीवर दाखवावं लागतं. डिझेल पंप असेल तर टाकीत डिझेल आहे का आणि बॅटरी चढलेली आहे का, ते आदल्या दिवशी नको, त्याच्याही आदल्या दिवशी बघा.