इतिहासातली एक कलाटणी नीट कशी अभ्यासावी

सगळा जागतिक इतिहास एकदम हाती घेऊ नका. एक घटना निवडा, तिची तारीख पक्की करा आणि तिथून मागे-पुढे सरका.

१४ जुलै १७८९ घ्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीला पॅरिसचे लोक बास्तील या किल्लेवजा तुरुंगावर चालून गेले तेव्हा आत कैदी होते फक्त ७. मग ते तिथे गेले कशाला? सकाळी लेझँव्हालिद या जखमी-वृद्ध सैनिकांच्या निवासातून बंदुका हाती आल्या होत्या, पण बंदुकीची दारू नव्हती. ती बास्तीलमध्ये होती. असा साधा, व्यवहारी प्रश्न विचारला की घटना उलगडायला लागते. त्या दिवशी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या रोजनिशीत 'काही नाही' एवढीच नोंद आहे. त्यावरून राजा बेफिकीर होता असं ठरवून मोकळे होऊ नका, कारण ती वही मुख्यतः शिकारीची होती. कागद कशासाठी लिहिला गेला हे न बघता त्याचा अर्थ लावणं, ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

कॅलेंडरही तपासा. रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' आजच्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली. तिथलं जुनं ज्युलियन कॅलेंडर १३ दिवस मागे होतं.

नेत्याचा वाटा मोजायचा तर त्याचं नाव वगळून तीच घटना ५ वाक्यांत लिहून पाहा. रशियाचा सम्राट, म्हणजे झार, पायउतार झाला मार्च १९१७ मध्ये, नोव्हेंबरच्या क्रांतीचा नेता लेनिन परदेशातून परतला एप्रिलमध्ये. म्हणजे मार्चची गोष्ट त्याच्याशिवाय पूर्ण होते. नोव्हेंबरची मात्र दुसऱ्याच वाक्याला अडते.