तीन सी.एल. आणि पुढे मेडिकल

मुख्याध्यापकाचा चार्ज घेतला त्या दिवशी मला धास्ती होती ती पोषण आहाराच्या हिशेबाची, शालार्थ या पगाराच्या पोर्टलवर बिल वेळेत जाण्याची आणि पालक सभेची. रजेची अजिबात नव्हती. अर्ज आला, सही केली, मस्टरवर म्हणजे हजेरीपत्रकावर लाल शाईने लिहिलं, झालं, असं मी वीस वर्षं शिक्षक म्हणून पाहत आलो होतो. अनुदानित शाळेत नुकताच चार्ज घेतला असेल तर हे वाचाच. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीची 1981 ची सेवाशर्ती नियमावली तुमच्या कपाटात आहे, रजेचे प्रकारही तुम्हाला पाठ असतील. मलाही होते. तरी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिका बाईंचा पगार माझ्यामुळे कापला गेला.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. सकाळी सव्वासहाला त्या बाईंचा फोन आला, "सर, रात्रीपासून ताप आहे, तीन दिवस सी.एल. टाका." मी तीन सी.एल., म्हणजे किरकोळ रजा, टाकल्या. चौथ्या दिवशी टायफॉइडचं निदान झालं आणि बाई पुढे तेवीस दिवस आल्या नाहीत. मधले रविवार धरून एकूण 26 दिवस. हजर झाल्या तेव्हा डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फिटनेस, म्हणजे कामावर यायला तंदुरुस्त असल्याचा दाखला, दोन्ही सोबत होतं, कागदात काही कमी नव्हतं. मस्टरवर पहिले तीन दिवस सी.एल. आणि चौथ्यापासून मेडिकल असं लिहिलं. सेवापुस्तिकेत 23 दिवस वजा केले. मी सही केली.

या एका नोंदीत दोन चुका होत्या. दोन्ही सावकाश सांगतो, कारण याच दोन चुका मी नंतर आणखी तीन शाळांच्या दप्तरात पाहिल्या.

पहिली चूक. किरकोळ रजा दुसऱ्या कुठल्याही रजेला जोडता येत नाही. माणूस आधी सी.एल.वर गेला आणि आजार लांबला, तर त्या सी.एल. रद्द होतात आणि आजारपणाची रजा पहिल्या दिवसापासून धरायची. चौथ्या दिवसापासून नाही. म्हणजे 26 दिवस, 23 नाहीत. अर्जही पहिल्या तारखेपासूनचा घ्यायचा आणि प्रमाणपत्रावरची तारीखही तीच आहे का ते बघायचं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. आपण ज्याला सरसकट मेडिकल म्हणतो, ती रजेच्या खात्यावर परिवर्तित रजा असते. कर्मचाऱ्याला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळते. आजारपणात त्यातले दोन दिवस देऊन पूर्ण पगाराचा एक दिवस घ्यायचा, हे परिवर्तन. म्हणून 26 दिवसांच्या मेडिकलला खात्यातून 52 दिवस जायला हवे होते. आमच्याकडे गेले 23. पगार पूर्ण निघाला, बाई बऱ्या झाल्या, कुणाची तक्रार नव्हती, त्यामुळे चूक दोन वर्षं तशीच पडून राहिली.

मग बाईंचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी आधी येऊन विचारलं, "सर, पूर्ण पगारी किती दिवस मिळतील? त्याप्रमाणे मी तारीख घेते." सात वर्षं पूर्ण झालेली, म्हणजे 140 दिवस जमा. आम्ही लिहिलेल्या रजेच्या खात्याप्रमाणे त्यातून 23 गेलेले, 117 शिल्लक. मी सांगितलं, 55 दिवस आरामात मिळतील, 110 लागतील. त्या निश्चिंत होऊन गेल्या. पुढे सेवापुस्तिका पडताळणीला गेली तेव्हा खरा हिशेब निघाला: 140 वजा 52, उरले 88, म्हणजे पूर्ण पगाराचे फक्त 44 दिवस. राहिलेल्या 11 दिवसांसाठी त्यांच्या खात्यात दुसरी कुठलीच रजा नव्हती. ते बिनपगारी झाले आणि वसुली लागली. त्या सी.एल. परत मिळण्याचाही उपयोग नव्हता, ते वर्ष कधीच संपलं होतं.

बाई माझ्या कार्यालयात आल्या तेव्हा हातात पगाराची स्लिप होती. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "सर, मी विचारूनच गेले होते ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

माझ्या आधीच्या सरांनी चार्ज देताना सांगितलं होतं, "रजेचं भाऊसाहेब बघतात, तुम्ही फक्त सही करा." त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. भाऊसाहेबांसारख्या क्लार्कवर पगार बिलं, दाखले, शिष्यवृत्ती, यू-डायसची शाळेची माहिती सगळं पडलेलं असतं. रजा मंजूर करणारी सही तुमची आहे, तर खात्याचं पान तुम्ही स्वतः वाचायला हवं. आणि दुसरं, शिक्षकांनी सही करून मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ठेवलेले कोरे सी.एल. अर्ज. बऱ्याच शाळांत ही पद्धत प्रेमाने चालते, अडीअडचणीला सोय म्हणून. बंद करा. पहिल्याच आठवड्यात ते अर्ज सर्वांसमोर परत द्या. चार दिवस नाराजी राहील. पण एखाद्या माणसाला गैरहजेरीत अपघात झाला आणि खणात त्याचा कोरा अर्ज असला, तर तुमची अडचण शब्दांत सांगता येणार नाही.

व्हॉट्सॲपवरचा निरोप मी घेतो. आजारी माणसाने आधी डॉक्टरकडे जावं, अर्ज नंतर लिहावा. पण त्या दिवशी मस्टरचा रकाना मी रिकामा सोडत नाही. पेन्सिलीने सी.एल.ही लिहीत नाही. "रजा, अर्ज येणे" असं शाईने लिहितो, खाली सही आणि तारीख.

कामाच्या वेळेबद्दल थोडंच. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस आणि 1000 तास, शिक्षकाला आठवड्याचे 45 तास, त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे. कुणी रजेवर गेलं की बदली तास त्याच त्या दोन गरीब स्वभावाच्या शिक्षकांवर पडतात, हे तुम्ही स्वतः भोगलेलं असणार. बदली तासांची वही ठेवा, नाव आणि संख्या लिहा. महिन्याच्या शेवटी वही स्टाफरूममध्ये उघडी ठेवली की वाद निम्मे होतात. प्रसूती रजा 180 दिवसांची, तिचा अर्धवेतनी खात्याशी संबंध नाही, त्यातून एक दिवसही वजा करायचा नाही.

आणि घाबरू नका. हे काम अवघड नाही, फक्त ते त्याच दिवशी करावं लागतं. माणूस मेडिकलवरून हजर झाला की फिटनेस घेतल्याशिवाय वर्गावर पाठवू नका, आणि फिटनेस घेतला की त्याच आठवड्यात खातं लिहा. आजार कोणता हे स्टाफरूममध्ये बोलू नका, प्रमाणपत्र पाकिटात घालून फाइलला लावा. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमातलं वाक्य आजारी माणसाला ऐकवू नका. तो आधीच घाबरलेला असतो.

आता दर जानेवारीत मी प्रत्येकाला त्याचं रजेचं पान दाखवतो. जमा, वजा, शिल्लक, आणि शेजारी त्याची सही. एकोणीस माणसं, दोन दुपारी लागतात. त्या बाई अजून आमच्याकडेच आहेत. यंदा त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं, बोटाने वजाबाकी पुन्हा एकदा केली आणि मग सही केली.