घड उतरला की खोड वावरात ठेवू नका, सोंड्याचं घर आहे ते

केळी पाच महिन्यांच्या पुढे गेल्यात त्यांनी आजच बागेत फिरून खोडं बघा, वाऱ्या-पावसाचे दिवस तोंडावर आहेत. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, त्यातून पातळ डिंक आणि कुरतडलेले तंतू बाहेर आलेले दिसले की खोडातला सोंड्या भुंगा आलाच समजा.

मादी सोंडेने सोपटाला, म्हणजे खोडावरच्या पानाच्या थराला, भोक पाडून आतल्या हवेच्या पोकळीत अंडं घालते, फवारा तिथं पोचतच नाही. अळी पांढुरकी, बिनपायाची, डोकं तांबूस. ती पोखरत मधल्या दांड्यापर्यंत जाते, मग घड भरत नाही आणि जरा वारं सुटलं की झाड मधूनच मोडतं. पुढं सोपटातच तंतूंचा कोष करते, बाहेरची एक-दोन सोपटं सोलून बघा, सापडेल. भुंगे काळे नाहीतर तांबूस, कित्येक महिने जगतात.

आणि आपण काय करतो? घड काढला की खोड तसंच उभं, नाहीतर बांधावर आडवं. सडत्या खोडातही भुंगे अंडी घालतात हो, आणि शेजारी पिलबाग, म्हणजे बुंध्यातून फुटलेल्या पिलांचं पुढचं पीक, वाढत असते! खोडाचा रस पिलाला मिळतो म्हणून ठेवतात, ते निरोगी बागेत ठीक. भोकं दिसली असतील तर खोड बुंध्यापासून काढा, उभं चिरा, बारीक तुकडे करून उन्हात वाळवा. बांधावर फेकणं म्हणजे काढणं नव्हे.

बाकीची कामं:
- वाळलेली पानं, सुटलेली सोपटं काढणे
- जादा पिलं काढणे
- पोखरलेली झाडं मुळासकट काढून नष्ट करणे

सापळे फुकटात होतात. निरोगी खोडाचे 30 सेंमीचे तुकडे उभे चिरून कापलेली बाजू खाली ठेवायची, एकरी 40, दर तुकड्याच्या त्या बाजूला 20 ग्रॅम बिव्हेरिया बॅसियाना (किडी मारणारी बुरशी) चोळलं तर उत्तम. भुंगे वेचून साबणाच्या पाण्यात टाका. सावलीच्या, ओलसर कडेला जास्त सापडतात असं मला वाटतं, तिथं दोन जादा ठेवा. तुकडे सुकले की उचला, विसरलात तर त्यातच पैदास होईल.

दुकानदार महागडं कॉम्बो औषध हातात देईल, आधी लेबलवर केळी आणि ही कीड आहे का ते वाचा, नसेल तर तिथंच परत करा. निसवण झाल्यावर, म्हणजे केळफूल बाहेर पडल्यावर, खोडात इंजेक्शन तर अजिबात नको, विषाचा अंश फळात उतरतो.